तंबूत निवांत बसायला त्याला कोणी दिलंच नसतं

तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडतो, म्हणजे चुकत असेन तर लगेच सांगता येईल. तुम्ही एकांकिका लिहिताय, काळ १८६३, अमेरिकेतलं यादवी युद्ध, नायक उत्तरेच्या सैन्यातला १९ वर्षांचा शिपाई. उद्या लढाई आहे आणि पूर्ण एकांकिकाभर तो तंबूत मेणबत्तीसमोर बसून मरणाचा विचार करतोय. तुम्ही विचारताय की हे लोक लढाईची वाट बघत दिवसभर करायचे काय, खायचे काय, आणि त्याची भीती स्टेजवर कशी दाखवू.

मी व्हर्जिनियात राहतो, फ्रेडरिक्सबर्गपासून गाडीने फार लांब नाही. नोकरी सॉफ्टवेअरचीच, पण बरीच वर्षं इथल्या एका लिव्हिंग हिस्ट्री ग्रुपमध्ये आहे. म्हणजे त्या काळचे लोकरी कपडे घालून, त्याच पद्धतीचं खाऊन, तशाच तंबूत झोपून लोकांना माहिती सांगायची. अतिसार आणि उवा सोडून बाकी सगळं करून बघितलंय असं समजा. तर माझ्या मते तुमची अडचण वेगळीच आहे. तुम्ही त्याला बसवून ठेवलंय आणि उद्या लढाई आहे हे त्याला सांगून टाकलंय. प्रत्यक्षात त्याला कोणी बसू दिलं नसतं, आणि उद्याचं तर कोणी सांगितलंच नसतं.

आता हे सगळं कुठली छावणी, कुठला ऋतू, कुठलं वर्ष यावर प्रचंड अवलंबून आहे. १८६१ मधला नवा भरती झालेला पोरगा आणि १८६४ च्या जूननंतर पीटर्सबर्गच्या खंदकात बसलेला माणूस यांचं आयुष्य एकमेकांना ओळखू येणार नाही इतकं वेगळं. दक्षिणेच्या छावणीत पोटाचा प्रश्न वेगळा, घोडदळाचं अजून वेगळं कारण त्यांना आधी घोड्याचं बघायचं आणि मग स्वतःचं. म्हणून मी एकच छावणी घेतो, जी मला नीट माहितीये आणि तुमच्या १८६३ मध्ये बसते. रॅपाहॅनॉक नदीच्या उत्तर काठावर फाल्मथच्या आसपास पसरलेली आर्मी ऑफ द पोटोमॅकची, म्हणजे पूर्वेकडच्या आघाडीवरल्या उत्तरेच्या मुख्य सैन्याची हिवाळी छावणी, डिसेंबर १८६२ ते एप्रिल १८६३. लाखाच्या वर माणूस, आणि नदीपलीकडे समोर दक्षिणेच्या जनरल लीचं सैन्य.

पार्श्वभूमी थोडक्यात. १३ डिसेंबर १८६२ ला या सैन्याचा तेव्हाचा सेनापती जनरल बर्नसाइडने फ्रेडरिक्सबर्गच्या टेकडीखालच्या दगडी भिंतीवर एकामागून एक ब्रिगेडी सोडल्या आणि त्या लढाईत उत्तरेची साडेबारा हजारांच्या आसपास माणसं मेली, जखमी झाली किंवा हरवली. मग जानेवारीत त्याने परत नदी ओलांडायचा घाट घातला, २० तारखेला सैन्य निघालं आणि त्याच रात्री पाऊस सुरू झाला, तोफा चाकांच्या आसापर्यंत चिखलात, खेचरं रुतून मेली, आणि पलीकडच्या काठावरचे दक्षिणेचे शिपाई पाट्या लिहून चिडवत होते की बर्नसाइड चिखलात अडकलाय. सैन्य मान खाली घालून परत आपल्या झोपड्यांत. तुमचा पोरगा या छावणीत असेल तर तो लढाईची 'वाट' बघतोय हे वाक्यच थोडं शंकास्पद आहे, तो पगाराची, पत्राची आणि रजेची वाट बघतोय.

तंबूचं सांगतो. हिवाळ्यात सहसा नुसता तंबू नसायचा. प्रत्येकाकडे तंबूचा अर्धा कपडा असायचा, दोघांचे दोन तुकडे बटणांनी जोडले की एक तंबू. हिवाळ्यात तीन-चार जण मिळून फूट-दोन फूट जमीन खणायचे, भोवती लाकडाच्या ओंडक्यांची छातीएवढी भिंत, फटीत चिखल लिंपलेला आणि वर छप्पर म्हणून हेच बटणं लावलेले कपडे. एका बाजूला माती-काटक्यांची चूल आणि धुराड्यावर तळ काढलेलं पिंप. ते पिंप अधूनमधून पेटायचं, मग आरडाओरडा, शेजारचे हसायला जमा. ओलं पाइनचं लाकूड जाळलं की जो धूर होतो तो मी खाल्लाय, डोळे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लाल राहतात. तेव्हा मेणबत्तीच्या उजेडात स्वच्छ चेहऱ्याचा विचारमग्न तरुण नको, त्याला आधी खोकू द्या. आणि एकटा नकोच! चार माणसं त्या खड्ड्यात, एकाने कूस बदलली की सगळ्यांनी बदलायची.

आता दिवस. हिवाळ्यात साधारण सहाला बिगुल, अर्धवट कपड्यात बाहेर येऊन हजेरी. मग नाश्ता, मग आजाऱ्यांचा बिगुल, मग पहारा बदलायचा, मग कवायत, दुपारचं जेवण, परत कवायत, संध्याकाळी बटणं चमकवून परेड, जेवण, रात्री परत हजेरी आणि दिवे बंद. बंदूक नऊ हुकमांत भरायची, मिनिटाला तीन गोळ्या झाडता आल्या पाहिजेत, आणि हे इतक्यांदा की झोपेत हात चालले पाहिजेत. मधल्या वेळात फटीग, म्हणजे आपल्याकडे फौजेत म्हणतात तेच. लाकूड तोडणं, पाणी आणणं, रस्त्यावर ओंडके टाकणं, चर खणणं. लाकडाचं म्हणाल तर लाख माणसांच्या चुली, सगळा स्टॅफर्ड परगणा त्यांनी बोडका केला, सुरुवातीला झोपडीमागचं झाड तोडत होते, वसंतापर्यंत मैलच्या मैल लांब जाऊन ओझं आणायला लागायचं. शिपायाच्या हातात बंदुकीपेक्षा कुऱ्हाड जास्त वेळ होती.

जेवणावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण माझ्या मते त्या छावणीची सगळी गोष्ट तिथेच आहे.

कागदावर शिधा भरपूर होता. रोज माणशी १२ औंस खारवलेलं डुकराचं मांस किंवा सव्वा पौंड गोमांस, आणि २२ औंस पाव किंवा एक पौंड हार्डटॅक. हार्डटॅक म्हणजे पीठ आणि पाणी, साधारण तीन इंचाची चौकोनी जाड वडी, एका वाटणीला नऊ-दहा. नुसती चावायला गेलात तर दाताचं काम होईल. कॉफीत बुडवायची (किडे असले की ते वर तरंगतात, चमच्याने काढून टाकायचे आणि पुढे चालू), नाहीतर पाण्यात भिजवून डुकराच्या चरबीत तळायची. आम्ही तळून खातो, पहिल्या दिवशी मजा वाटते, तिसऱ्या वेळेला वरण-भात आठवून रडू येतं.

आणि कॉफी. ही एकांकिकेत घ्याच. कॉफीचे दाणे बऱ्याचदा कच्चे मिळायचे, ते तव्यात भाजायचे आणि मग पत्र्याच्या मगात घालून संगिनीच्या मुठीने किंवा दगडाने कुटायचे. सकाळी अख्ख्या छावणीत हा कुटण्याचा आवाज. पण त्याहून भारी म्हणजे वाटप. सार्जंट जमिनीवर रबरी कांबळं अंथरायचा, त्यावर कॉफीचे जितकी माणसं तितके ढीग, शेजारी साखर. सगळे भोवती उकिडवे बसून डोळ्यांनी मोजतायत, या ढिगातले चार दाणे त्या ढिगात, त्यातले दोन परत इकडे. आणि एवढं करूनही भांडण होऊ नये म्हणून एकाने पाठ करून उभं राहायचं, दुसऱ्याने ढिगावर बोट ठेवून विचारायचं "हा कोणाचा?" आणि पाठमोऱ्याने एक नाव घ्यायचं. आपापल्या वाटणीची कॉफी आणि साखर एकाच फडक्याच्या पुरचुंडीत बांधून हॅवरसॅकमध्ये, म्हणजे खांद्यावरच्या शिध्याच्या पिशवीत. हा प्रसंग स्टेजवर पाच मिनिटात होतो, सामान काही लागत नाही, आणि चार पात्रांचे स्वभाव बोलून न दाखवता कळतात. उद्या यातला एक ढीग कमी असेल हे प्रेक्षकाला आपोआप कळतं, तुम्ही सांगू नका.

आता मुद्दा असा की कागदावर भरपूर असून त्या जानेवारीत माणसं स्कर्व्हीने (ताज्या भाज्या-फळं न मिळाल्याने होणारा रोग), हगवणीने मरत होती. आपल्या डोक्यात छावणी म्हटलं की पानिपत येतं, रसद तुटली, अन्न संपलं आणि मग १४ जानेवारी १७६१. फाल्मथला तसं नव्हतं. अक्विया क्रीकच्या धक्क्यावर जहाजं लागत होती, तिथून रेल्वे थेट फाल्मथला, माल येऊन पडत होता आणि रेजिमेंटपर्यंत पोचत नव्हता. भाज्या नाहीत, ताजा पाव नाही, पगार महिनोन्महिने थकलेला (साध्या शिपायाला महिना १३ डॉलर, त्यावर घरी बायको-पोरं). आणि छावणीतला दुकानदार, आपल्या बाजारबुणग्यांचा भाऊबंद, अव्वाच्या सव्वा भावाने उधारीवर पाय (pie, म्हणजे गोड सारण भरलेला भाजलेला पदार्थ) विकतोय. बर्नसाइडच्या जागी जनरल हूकरने २६ जानेवारीला सूत्रं हातात घेतली तेव्हा ८० हजारांच्या वर माणसं गैरहजर होती. सगळे पळालेले नव्हते, बरेचसे दवाखान्यात किंवा कुठेतरी कामावर दाखवलेले, पण पळालेलेही हजारो. घरून पार्सलमध्ये साधे कपडे मागवायचे, ते चढवायचे आणि चालू पडायचं.

हूकरबद्दल लोक चॅन्सेलर्सव्हिलवरून, म्हणजे पुढे मे महिन्यात तो हरला त्या लढाईवरून बोलतात, माझं मत त्याच्या फेब्रुवारी-मार्चवरून बनलंय. त्याने हुकूम काढला की आठवड्यातून चार वेळा ताजा पाव, दोनदा ताजे बटाटे किंवा कांदे, आणि एकदा वाळवलेल्या भाज्या. शंभर माणसांमागे दोघांना पाळीपाळीने रजा. पळालेल्यांसाठी लिंकनने १० मार्चला जाहीर केलं की १ एप्रिलपर्यंत परत या, शिक्षा मोठी होणार नाही. डॉक्टर जोनाथन लेटरमन आधीपासून वैद्यकीय प्रमुख होता, त्याच्या सूचना आता खरंच पाळल्या जायला लागल्या. शौचाचे चर ठरल्या जागीच, रोज संध्याकाळी त्यावर सहा इंच माती, झोपडीचं छप्पर मधूनमधून उघडून आत ऊन-वारा, अंघोळ आठवड्यातून एकदा तरी. हे किरकोळ वाटेल तुम्हाला, पण पूर्ण युद्धात उत्तरेच्या साधारण ३ लाख ६० हजार मृतांपैकी लढाईत किंवा लढाईच्या जखमांनी गेलेले १ लाख १० हजार, आणि बाकीचे बहुतेक रोगाने. हगवण-अतिसाराच्या नोंदीच १५ लाखांच्या वर आहेत. खेड्यातनं आलेल्या पोरांना गोवर व्हायचा कारण लहानपणी झालेला नसायचा. म्हणजे तुमच्या नायकाला मरणाची भीती वाटत असेल तर त्याने समोरच्या तोफेआधी शेजारच्या चराची भीती बाळगायला हवी, आणि त्याच्या रेजिमेंटने पुरलेली माणसं बघता त्याला हे चांगलं माहीत होतं. तीच माणसं जानेवारीत मोडलेली आणि एप्रिलमध्ये लढायला तयार, मधे फरक काय पडला तर पाव, कांदा, रजा आणि माती. देशभक्तीची भाषणं दोन्ही महिन्यांत होतीच की.

पलीकडे लीच्या छावणीत मात्र खरी टंचाई. माणशी १८ औंस पीठ आणि ४ औंस बेकन, तेही बऱ्याचदा खवट. मार्चच्या शेवटी ली स्वतः कळवतो की प्रत्येक रेजिमेंटमधून रोज काही माणसं रानात पाठवतोय, ससाफ्रासचे कोंब, रानकांदे, लसूण, रानभाज्या आणायला. त्यातली एक म्हणजे चक्क आपल्या चाकवताच्या जातीची भाजी, इथे अजूनही बांधाबांधाने उगवते आणि कोणी खात नाही, मी आणून ताकातली करतो. पोटापायी लीने आपल्या हाताखालच्या जनरल लाँगस्ट्रीटच्या दोन डिव्हिजन दुसरीकडे धाडल्या होत्या, म्हणजे लढाई तोंडावर आली तेव्हा त्या जवळ नव्हत्या.

नदीवरच्या पहाऱ्याबद्दल तुम्ही ऐकलं असेल, ते खरं आहे. रॅपाहॅनॉक तिथे इतकी अरुंद की ओरडून बोलता येतं. वरिष्ठांनी बंदी घातलेली असूनही फळीची खेळण्यातली होडी करून, तिला कागदाचं शीड लावून, इकडून कॉफी आणि तिकडून तंबाखू, सोबत वर्तमानपत्र. दोन्हीकडचे बँड संध्याकाळी वाजायचे आणि समोरचे ऐकायचे. उत्तरेचा पाहणीचा फुगा वर चढलेला दिसायचा. १७ मार्चला आयरिश ब्रिगेडने सेंट पॅट्रिक डे केला, घोड्यांच्या शर्यती, दारू, दंगा, आणि त्यातच लांबून केलीज फोर्डच्या बाजूने तोफांचा आवाज आला.

पण एक सांगू का, हा 'भाऊ भाऊ नदीकाठी तंबाखू वाटून घेतात' प्रकार मराठी स्टेजवर फार गोड करून दाखवतील याची मला धास्ती आहे. त्या छावणीत तिसरी माणसंही होती. गुलामीतून पळून नदी ओलांडून आलेले हजारो काळे लोक, त्यातले कितीतरी उत्तरेच्या छावणीत स्वयंपाकी, गाडीवान, हमाल. पलीकडे दक्षिणेच्या छावणीत गुलाम अजून चुली पेटवतायत. १ जानेवारी १८६३ ला लिंकनची गुलामांच्या मुक्तीची घोषणा लागू झाली आणि त्यावरून तुमच्या नायकाच्या झोपडीत कडाक्याची भांडणं झाली असणार. कोणी म्हणतं बरं झालं, कोणी म्हणतं मी युनियनसाठी, म्हणजे देश एकत्र ठेवायला आलो होतो, यासाठी नाही. हे भांडण नसेल तर मग ती कुठल्याही युद्धातली कुठलीही रात्र होईल.

आता तुमचा मुख्य प्रश्न, लढाई जवळ आलीये हे त्याला कळतं कसं. कोणी सांगत नाही, पण लक्षणं असतात आणि जुना शिपाई ती बरोबर ओळखतो. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात लिंकन बायको आणि धाकट्या टॅडला घेऊन आला, प्रचंड संचलनं झाली, तेव्हाच कुजबूज सुरू. मग दवाखान्यातले आजारी मागे हलवले जातात. जादा कांबळी, जाड कोट जमा करायला सांगतात. मग ६० काडतुसं, पेटीत ४० बसतात, उरलेली २० खिशात नाहीतर पिशवीत. आणि मग हुकूम की आठ दिवसांचा शिधा अंगावर घ्या. एरवी तीन दिवसांचा घेतात. आठ म्हटल्यावर झोपडीत एकदम शांतता, कारण सगळ्यांनाच हिशोब येतो. ते २७ एप्रिलला निघाले, पण कुठे ते शिपायांना ठाऊक नव्हतं, आणि त्याआधी पावसाने सगळं पुढे ढकललं होतं. म्हणजे निघणार, निघणार, नाही, थांबा, परत उघडा बोचकी. हे ताटकळणं तुम्हाला हवं तर ते इथे आहे.

भीतीचं म्हणाल तर पत्रं वाचून, त्यांच्यासारखं रांगेत खांद्याला खांदा लावून उभं राहून माझं मत असं झालंय की मरणाइतकीच भीती होती इज्जतीची. रेजिमेंटची एकेक कंपनी बहुतेक एकाच गावातली किंवा परगण्यातली, शेजारी उभा असतो तो शाळेतला मित्र, आणि तुम्ही मागे वळलात तर आठवडाभरात त्याच्या पत्रातून तुमच्या आईला कळणार. म्हणून कोणी 'मला भीती वाटते' असं म्हणत नाही. तो कॉफीवरून खेकसतो, बुटाची नाडी तीन वेळा बांधतो, उसने घेतलेले पैसे परत करतो. कूच सुरू झाली की रस्त्याच्या कडेला पत्त्यांचे कॅट फेकलेले दिसायचे, कारण मेल्यावर खिशात जुगाराचे पत्ते सापडलेले आईला कळायला नकोत, बायबल मात्र ठेवायचं. आणि नोव्हेंबर १८६३ च्या अखेरीला माइन रनला, समोरची तटबंदी बघून शिपायांनी कागदाच्या चिठ्ठ्यांवर आपली नावं लिहून कोटाला टाचली, मेल्यावर ओळख पटावी म्हणून. तो हल्ला शेवटी जनरल वॉरनने रद्द केला. तुम्हाला चिठ्ठीचा प्रसंग फार आवडला तर मग एकांकिका तिकडे न्या, पण मग छावणी, झोपड्या, रजा हे सगळं सोडावं लागेल, ते लोक उघड्यावर थंडीत कुडकुडत पडले होते. दोन्ही एकत्र कालवू नका.

तर मी असतो तर काय केलं असतं. काळ २७ एप्रिलच्या आधीचे दोन-तीन दिवस, झोपडीत चौघं, एक फ्रेडरिक्सबर्ग बघितलेला आणि एक नवा. सुरुवात कॉफीच्या वाटपाने, मधे घोषणेवरून भांडण, मग बाहेरून आठ दिवसांच्या शिध्याचा हुकूम. मरणावरचं स्वगत काढून टाका, सॉरी, पण तो भाग तुमच्या मसुद्यात सगळ्यात कच्चा आहे. पत्र लिहायचंच असेल तर त्यात त्याने मोजे मागवावेत आणि गाय व्याली का ते विचारावं, खरी पत्रं बरीचशी अशीच आहेत.

कपडेपटाचं एकच सांगून थांबतो. गडद निळा साधा कोट, फिकट निळी पँट, आणि मार्च १८६३ च्या शेवटापासून टोपीवर कोरचा (काही डिव्हिजन मिळून होणाऱ्या मोठ्या तुकडीचा) कापडी बिल्ला. दुसऱ्या कोरला त्रिदल पान, पाचव्याला माल्टीज क्रॉस, अकराव्याला चंद्रकोर, बाराव्याला तारा. पहिली डिव्हिजन लाल, दुसरी पांढरी, तिसरी निळी. एप्रिलमधला प्रसंग असेल तर बिल्ला हवाच, आणि फ्लॅशबॅकमध्ये डिसेंबरची लढाई दाखवणार असाल तर टोपी बदला किंवा बिल्ला काढायला विसरू नका, तेव्हा तो नव्हता. कुठली रेजिमेंट घेताय ते ठरलं की इथेच लिहा, त्यांचा बिल्ला, रंग आणि त्या आठवड्यात ते नेमके कुठे होते ते बघून सांगतो.